गौरी उठेपर्यंत

आमच्या घरात प्रत्येकाला काही ना काही छंद होता, फक्त मला नव्हता. मला नुसती जीभ आहे, असं अंबूवहिनी म्हणायच्या. अंबूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्न होऊन मी भोरला आले तेव्हा माझ्या मागे आई-बाप, भाऊ-बहीण कुणी नव्हतं. मामानं उजवून टाकलं आणि हात झटकले. 'हे' पुण्याला छापखान्यात नोकरीला, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे परतायचे. उरलेला आठवडा मी आणि वहिनी. त्यांनी मला जावेसारखं कधी वागवलं नाही. मी त्यांच्यावर चिडायचे तेसुद्धा हक्कानं.

श्रीपादभाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, संस्थानच्या कचेरीत कारकून होते. त्यांना प्रवासाचे बेत करण्याचा छंद होता. प्रवासाचा नव्हे, बेतांचा. कुठून कुठून नकाशे आणि रेल्वेची जुनी वेळापत्रकं गोळा करायचे आणि ओसरीवर पाट टाकून बसायचे. त्या पाटावर बसून त्यांनी काशी केली, रामेश्वर केलं, वरंध्याचा घाट उतरून कोकण केलं. प्रत्यक्षात पुण्याच्या पुढे पाऊल पडलं नव्हतं. त्यांची सुलू गुंजा, मोरपिसं आणि नीरेच्या पात्रातले रंगीत गोटे जमवायची. धाकटा बाळ जे जमेल ते मोडायचा. त्यालाही छंदच म्हणायचं.

वहिनींचा छंद मात्र खरा. काचेच्या बारीक मण्यांचं काम. सुईच्या टोकावर एकेक मणी घेत त्या पोपट करायच्या, तोरणं करायच्या, तांब्यावरची झाकणं करायच्या. चैत्र जवळ आला की त्यांच्या सुईला उसंत नसे, कारण चैत्रात आमच्या घरी गौर बसायची.

चैत्रातल्या तिजेला देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा छोट्या पितळी झोपाळ्यात बसवायची, आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत महिनाभर तिचे लाड करायचे. गौर माहेरी आलेली असते म्हणतात. रोज अंगणात चैत्रांगण काढायचं, तिच्यापुढे आरास मांडायची, एके दिवशी गावातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं, आणि उरलेल्या संध्याकाळी दुसऱ्यांच्या घरी जायचं. कैरीची डाळ वाटून वाटून माझे खांदे भरून यायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "हिला महिनाभर माहेर, आणि हिच्यापायी आपल्याला चार दिवससुद्धा नाही."

वहिनी हसल्या नाहीत. मग माझ्या लक्षात आलं, मी कुठं बोट ठेवलं ते.

वहिनींचं माहेर विंझरचं. भोरहून कापूरहोळपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. सकाळी निघालं तर दिवस मावळायच्या आत पोहोचावं, एवढंच अंतर. तरी कित्येक वर्षांत त्या गेल्या नव्हत्या. एका वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या, दुसऱ्या वर्षी त्या वारल्या, मग बाळाच्या वेळचं बाळंतपण, मग गोवर. प्रत्येक उन्हाळ्यात त्यांची आई निरोप धाडायची, "आंबे उतरले, अंबू केव्हा येते?" आणि प्रत्येक उन्हाळ्यात काहीतरी आडवं यायचं. आईला सगळे माई म्हणत. माईंचे डोळे अधू झाले होते. वहिनी मण्यांची एक गोमुखी करत होत्या, हात आत घालून जपमाळ ओढायची पिशवी असते ती. पांढऱ्यावर मोठी मोठी लाल फुलं. "एवढी मोठी का?" मी विचारलं. म्हणाल्या, "माईला बोटांनी चाचपता यावीत."

त्या वर्षी सगळं ठरलं होतं. अक्षय्यतृतीयेची तीज झाली, गौर उठली, की दुसऱ्या दिवशी विंझर. भावानं, नारायणदादांनी, कापूरहोळला गाडी पाठवायची. पाऊस लागेपर्यंत राहायचं. भाऊजी मागाहून चार दिवस येणार आणि मुलांना घेऊन तोरणा चढणार. त्याचा नकाशा तयारच होता. पाणी कुठं प्यायचं आणि दम कुठं खायचा, तेही लिहिलेलं. आणि एके दिवशी डाळ वाटताना वहिनी मला म्हणाल्या, "तूही चल गं. तुला माहेर नाही ना, माझ्या माहेरी चल. माई तुझी वेणी घालेल."

मी काहीतरी टोचून बोलले असेन. पण परसात जाऊन डोळे पुसले, हे खरं आहे.

आता या बेताला एकच धास्ती होती. वेल्ह्याचे काका.

वेल्ह्याचे काका म्हणजे भाऊजींचे चुलते. फार म्हातारे, आणि त्या महिन्यात फार आजारी. त्यांचं काही झालं असतं तर आम्हाला दहा दिवसांचं सुतक आलं असतं. बसलेली गौर उठवायची, आरास मोडायची, आणि सगळ्यांनी वेल्ह्याला जायचं. तिथं तेराव्यापर्यंत वहिनी आणि मी चुलीपुढे. मग सुट्टी संपली आणि माहेर राहिलं. त्यामुळे आमच्या घरात काकांच्या तब्येतीची चौकशी त्यांच्या मुलांनी केली नसेल इतकी व्हायची. त्यांचा गडी चिमाजी तांदूळ नाहीतर लाकडं घेऊन भोरला यायचा, तो आला की वहिनींचा पहिला प्रश्न, "काका?" "हायेत की," चिमाजी म्हणायचा. "पेज घेत्यात. शिव्या बी देत्यात." शिव्या देतात म्हटल्यावर वहिनी निश्चिंत व्हायच्या.

सुतकाचं एक असतं. ते मरणानं लागत नाही, कानावर पडल्यानं लागतं. दूरच्या माणसाची बातमी उशिरा कळली तर उशिरा लागतं, फार उशिरा कळली तर नुसत्या आंघोळीवर भागतं. ही सवलत शास्त्रानं कुणासाठी ठेवली कोण जाणे. पण बायका ती पक्की जाणून असायच्या. लग्नाघरी, मुंजीच्या घरी असा निरोप आला की निरोप्याला दारातच अडवायचे आणि कार्य उरकेपर्यंत तोंड उघडू द्यायचे नाहीत. त्यात कुणाला पाप वाटत नसे.

आमच्या हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळपासून घाई होती. पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडून झाली होती. वरती झोपाळ्यात गौर, खाली मण्यांचे पोपट, सुलूचे गोटे आणि मोरपिसं, आणि मध्ये कमळासारखं कातरलेलं कलिंगड. बाळानं त्याची एक पाकळी खाल्ली होती. मी परसातल्या पाट्यावर डाळ वाटत होते. वहिनी पन्ह्याच्या कैऱ्या कुस्करत होत्या. तेवढ्यात मागच्या दारानं चिमाजी आला.

एरवी तो वेशीपासून ओरडत यायचा. आज गप्प आला. पाठीवर पोतं नव्हतं. अंगावर धुळीचे थर आणि वहाणा हातात. आला तो तुळशीपाशी लांबच उभा राहिला, आणि मान खाली घातली. "बाई," तो म्हणाला, "निरोप हाय."

वहिनींच्या हातातली कैरी पातेल्यात पडली. त्या ताडकन उठल्या आणि पुढं होऊन दोन्ही हात त्याच्यासमोर धरले.

"थांब चिमाजी. बोलू नकोस."

"पर बाई, म्या मुद्दाम त्यापायीच—"

"मला कळलंय कशापायी आलास ते. तुझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. पण आता एक शब्द बोलायचा नाही. माझी गौर बसलीय. गौर उठली की मी येणारच आहे, तेव्हा काय ते ऐकेन."

चिमाजीनं डोळे वर केले. "तवर लई उशीर हुईल बाई."

"व्हायचा तो उशीर झालाच आहे. मी आज धावत येऊन का काही फिरणार आहे?" वहिनींनी एकदा घरात बघितलं. "तू आला नाहीस आणि मी ऐकलं नाही. जा बाबा. तुझ्या पाया पडते."

त्यांनी त्याला पन्हं दिलं, उपरण्यात ओले हरभरे बांधून दिले. तो ते पन्हं हातात धरून उभाच राहिला.  मग भांडं तसंच भरलेलं ठेवून निघून गेला. बाईमाणसानं, तेही घरात गौर बसलेली असताना, हात जोडून नको म्हटल्यावर तो गडी काय बोलणार होता? आणि त्याला वाटलं, यांना सगळं कळलंय.

वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. "काका गेले," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांना सांगू नकोस. काकांना दोन मुलगे आहेत, आपल्यावाचून काही अडलं नाही." मग कैरीचे हात तसेच कपाळाला लावून म्हणाल्या, "देवा, या वर्षी फक्त. या वर्षी मला माईला भेटू दे."

मला त्यांचं कौतुकच वाटलं. बाई कशी खमकी, असं वाटलं. आमचं माहेर वाचलं होतं.

दुपारी बायका आल्या, आरास वाखाणली, डाळ खाऊन गेल्या. वहिनींनी हसून सगळ्यांच्या ओट्या भरल्या. पण त्या दिवसापासून रोज जेवायला बसताना त्या पानाबाहेर एक घास काढून ठेवायच्या. म्हाताऱ्याचं आपण दुःखसुद्धा केलं नाही, याची टोचणी. भाऊजींनी विचारलं तर म्हणायच्या, कावळ्याला. पुढचे दिवस गडबडीत गेले. सुलूसाठी परकर, बाळासाठी टोपी, माईंसाठी साखरआंबा, भावजयीसाठी चोळखण. गोमुखीचं शेवटचं फूल भरून झालं. अक्षय्यतृतीयेला गौरीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून वहिनींनी झोपाळा उतरवला, आणि त्या मूर्तीला म्हणाल्या, "झालं हो तुझं माहेर. आता माझं."

कापूरहोळला मोटारीतून उतरलो तेव्हा सावळाराम गाडी जुंपून वडाखाली बसला होता. हा नारायणदादांचा गाडीवान, वहिनींना कडेवर खेळवलेला. वहिनी मुलीसारख्या धावत गेल्या.

"सावळू, किती म्हातारा झालास रे! माई कशी आहे?"

"बसा, गाडीत बसा," सावळाराम म्हणाला. "ऊन लई झालंय. पोरांना लागंल."

वहिनी बसल्या आणि बोलतच सुटल्या. हा कोणाचा मळा, ही कुठली टेकडी, इथं लहानपणी आमची गाडी कशी कलंडली होती. नसरापूर मागं पडलं. राजगड दिसला, मग त्याच्या पलीकडे तोरणा दिसला. सुलूनं विचारलं, बाबा कुठून चढणार, आणि वहिनींनी बोट करून काहीतरी दाखवलं, बहुतेक चुकीचंच. इतकं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. सावळाराम मात्र बैलांशीसुद्धा बोलत नव्हता.

मार्गासनीपाशी गुंजवणीच्या पात्रात त्यानं बैलांना पाणी दाखवलं. मुलं पाण्यात उतरली. वहिनींचा चेहरा जरा गंभीर झाला. गाडीच्या दांडीला धरून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सावळू, वेल्ह्याच्या काकांचं सगळं नीट झालं ना रे?"

"काय नीट झालं?"

"म्हणजे दिवसकार्य. सगळं यथासांग?"

सावळारामनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "येल्ह्याचं काका? त्येंला काय झालंया? परवा तर आपल्याकडं येऊन गेलं की. काठी टेकत आलं, पंगतीला बसलं."

"कसली पंगत?" मी विचारलं. मीच विचारलं. सावळारामनं जीभ चावली आणि बैलांकडे वळला.

वहिनींनी काही विचारलं नाही. त्यांचा हात दांडीवर होता तो तसाच राहिला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला दिसलं, त्या मनानं परत आमच्या परसात गेल्या. तुळशीपाशी चिमाजी उभा आहे, मान खाली घालून. वेल्ह्याचा रस्ता विंझरवरूनच येतो. काकांच्या गड्याकडून विंझरच्या माणसांनी निरोप दिला असेल, हे आमच्या दोघींच्या मनात त्या दिवशी आलंच नव्हतं.

"चल सावळू," त्या म्हणाल्या. "गाडी हाण."

पुढचा सगळा रस्ता मुलं विचारत राहिली, हे काय, ते काय, आणि मी काहीबाही सांगत राहिले. गोमुखीची पुरचुंडी वहिनींनी मांडीवर घेतली होती. तिच्यावर दोन्ही हात घट्ट.

गाडी अंगणात शिरली. ओसरीवरून नारायणदादा उतरले. डोक्यावर टोपी नव्हती. डोकं भादरलेलं, त्यावर जरासे खुंट आलेले, आणि मिशी काढलेली. घरातलं कोण गेलं हे सांगायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. त्यांचे वडील जाऊन तर वीस वर्षं झाली होती.

वहिनी गाडीतून उतरल्या. भाऊ जवळ आला. त्यानं तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. अगदी तसेच.

"दादा, बोलू नकोस. काही बोलू नकोस."

नारायणदादा थबकले. मग त्यांच्या तोंडावर जो राग आला तो मी विसरणार नाही.

"चिमाजीलाही हेच म्हणालीस," ते म्हणाले. "आई विहिरीच्या पायरीवरून पडली, ताप मेंदूत गेला, अंबूला बघायचं म्हणून तिनं धोशा घेतला. चिमाजी भोरला निघाला होता, त्याला म्हटलं, तिला उभ्या पावली घेऊन ये. तो परत आला आणि म्हणाला, बाईंना सगळं ठाऊक हाय, गौर उठल्यावर येत्यात. तुझी गौर, अंबू! चार दिवस होती त्यानंतर आई. चार दिवस दाराकडं तोंड करून होती."

 मला राहवलं नाही. मी त्या घरची पाहुणी होते, पहिल्यांदा पाऊल ठेवत होते, तरी ओरडले, "त्यांना माहीत नव्हतं! त्यांना वाटलं वेल्ह्याचे काका गेले! ते ऐकलं असतं तर इथं येता आलं नसतं, म्हणून नाही ऐकलं! माईंना भेटायला मिळावं म्हणूनच नाही ऐकलं!"

 नारायणदादांनी बहिणीकडे पाहिलं. त्यांचा राग कुठं गेला कुणास ठाऊक. ते खाली पायरीवर बसले आणि मुलासारखे रडायला लागले. रडता रडता म्हणाले, "मी चिडलो होतो गं. दुसरा माणूस पाठवत होतो तर आईनंच धरून ठेवलं. म्हणाली, बरोबर आहे तिचं. गौर माहेरी आलेली असताना उठवू नये. माझी पोर तीज झाली की येईलच. आणि त्याआधी मी गेले तर तिला कळवू नका म्हणाली. तिचा सण मोडू नका."

म्हणून कुणी कळवलं नव्हतं. आईनंही निरोप थांबवला होता, मुलीनंही थांबवला होता, आणि दोघींनी एकमेकींसाठीच.

भावजयीनं विहिरीचं पाणी शेंदून आणलं. लेकीला आईचं तीन दिवसांचं सुतक असतं, ते त्या क्षणापासून लागलं. वहिनी नेसत्या लुगड्यानिशी त्या पाण्याखाली बसल्या आणि मग त्यांना पहिल्यांदा रडू फुटलं. माई, माई, एवढंच म्हणत होत्या. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर भावजयीनं मला मागं ओढलं, शिवायचं नाही म्हणून. मी शिवले. मग मलाही आंघोळ घातली. घालू दे.

गोमुखी त्यांनी कुणाला दिली नाही, देव्हाऱ्यातही ठेवली नाही. परत येताना गुंजवणीच्या पात्रात थांबायला लावलं आणि सोडली. मण्यांनी जड झालेली ती तळाशी जाऊन बसली. पाणी उथळ होतं, लाल फुलं वरून दिसत होती. भाऊजी आम्हाला न्यायला आले होते. तोरण्याचा नकाशा त्यांच्या खिशात तसाच होता. तो त्यांनी पुढे कधी उघडला नाही, आणि पाटही ओसरीवर फारसा टाकला नाही.

पुढच्या चैत्रात गौर बसली. बसवायलाच लागते. मी विचारलं, आरास करायची का, तर म्हणाल्या, "तिचं काय चुकलंय? तिला माहेर नको का?" पण मण्यांच्या डब्याला त्यांनी हात लावला नाही. जुनेच पोपट मांडले.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी आम्ही परसात बसलो होतो. मी पाट्यापाशी, त्या कैऱ्यांपाशी. मागच्या दाराची कडी वाजली, आणि चिमाजी आत आला. वर्षभरात तो आमच्याकडे फिरकला नव्हता. मला वाटतं, त्याला तोंड दाखवायची लाज वाटत असावी, ज्याचा काडीचा दोष नव्हता त्याला.

वहिनी उठल्या. पदराला हात पुसत धावतच गेल्या, वाटेत पातेलं लवंडलं त्याकडे बघितलं नाही.

"बोल चिमाजी," त्या म्हणाल्या. "काय असेल ते आधी बोल. गौर बसलीय तर बसू दे. बोल बाबा लवकर."

चिमाजी गोंधळून बघत राहिला. "काय न्हाई बाई," तो म्हणाला. "तांदूळ आणल्यात नुसतं. काका बरं हायेत."

वहिनी तिथंच तुळशीच्या कट्ट्यावर बसल्या. त्याला बस म्हणायचं, पन्हं द्यायचं, काही सुचलं नाही त्यांना. पन्हं मी दिलं. चिमाजीनं पोतं उतरवलं, भांडं हातात घेतलं, आणि या वेळी त्यानं ते पिऊन संपवलं.